डाव्या पायाची स्पर्धा

१९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबादला गेला. हैदराबाद सिटी पोलीस नावाचा संघ कूपरेजच्या मैदानावर यायचा, मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत जिंकायचा आणि चषक घेऊन परत जायचा. १८९१ साली गोऱ्या पलटणींसाठी सुरू झालेली ही स्पर्धा. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकली, तोवर एकाही हिंदी संघाच्या हाती ती लागली नव्हती. आणि त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी पोलीस खात्याचा एक संघ तिच्यावर मालकी सांगू लागला.

माझे थोरले मामा त्या काळात मुंबईच्या गोदीत कारकुनी करत. रोव्हर्स सुरू झाली की संध्याकाळी कूपरेज गाठायचं आणि गर्दीत उभं राहून सामना बघायचा, हा त्यांचा नेम. सुटीला कोल्हापूरला आले की आम्हा भाच्यांना तो सामना अंगणात पुन्हा खेळून दाखवत. पोलीस संघाबद्दल बोलताना मात्र ते कुणा एकाचं नाव घेत नसत. “बॉल कुणाच्या पायात थांबायचाच नाही बघ,” म्हणायचे, “तू एकाकडं बघतोस तोवर तिसऱ्याकडं गेलेला असायचा.” कोलकात्याच्या संघांविषयी सांगताना त्यांना खेळाडू आठवत, पोलिसांविषयी सांगताना चाली.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा जीव आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण ही नावं इथं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि शाहू स्टेडियमचा हंगाम सहसा चुकवला नाही. एखाद्या तालमीच्या संघाला नवा कोच मिळाला की दोन सामन्यांत कट्ट्यावर बोललं जातं, ‘खेळ बदलला.’ बहुतेक वेळा बदललेली असते ती अकरा जणांची यादी. बाकावरचा आत आला, आतला बाकावर गेला, कुणाला उजवीकडून डावीकडं हलवलं. चेंडू पायात आल्याबरोबर पोरगं पहिली गोष्ट कोणती करतं, ते मात्र आधी होतं तसंच राहतं. माझ्या मते संघाची शैली तिथं असते, त्या पहिल्या क्षणात. ती बदलायला काय लागतं, याचा भारतातला सर्वांत मोठा दाखला हैदराबादच्या एका शाळामास्तरांचा आहे.

सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, तिथल्याच संघाचे खेळाडू, पुढे वेगवेगळ्या शाळांत शिक्षक. नोकरीत असतानाच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मुलांना मैदानावर शिकवू लागले. १९५०च्या सुमारास ते सिटी पोलिसांचे प्रशिक्षक झाले, आणि त्याच सुमारास भारतीय संघाचेही. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ चित्रपटामुळे त्यांचं नाव घराघरांत पोचलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चित्रपटाला सामने दाखवावे लागतात. रहीमसाहेबांचं खरं काम सरावाच्या वेळी चाले, आणि त्याविषयी फार थोडं बोललं जातं.

त्यांच्या हाती आलेला खेळ कसा होता, ते आधी सांगायला हवं. आपले खेळाडू अनवाणी खेळत. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा बागानच्या अकरांपैकी एकाच्याच पायात बूट होते. त्या विजयाने देशाला केवढा हुरूप दिला ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याबरोबर अनवाणी पायाभोवती एक अभिमान जमा झाला, आणि चाळीस वर्षं तो तसाच राहिला. कोरड्या मैदानावर उघड्या पायाला चेंडू नीट कळतो. बोटांनी, तळव्याने, टाचेने तो हवा तसा वळवता येतो. साहजिकच सगळी कारागिरी चेंडू पायात खेळवण्यात जमा झाली. एकाला चकवायचं, दुसऱ्याला चकवायचं, प्रेक्षकांची दाद घ्यायची, मग कुठं पास. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळणारा आपला संघ फ्रान्सकडून १-२ असा हरला, तोही दोन पेनल्टी वाया घालवून. इंग्लंडच्या प्रेक्षकांनी त्या खेळाचं भरभरून कौतुक केलं. ते कौतुक आपल्याला महागात पडलं असं मला वाटतं. आपल्या पायात जादू आहे, उणीव फक्त नशिबाची आहे, असा समज त्यामुळे पक्का झाला.

अशा खेळाडूंना ‘पास लवकर द्या’ असं सांगून काय होणार? मी स्वतः पोरांना हे वाक्य इतक्यांदा ओरडून सांगितलं आहे की माझा घसा बसायचा. पोरगं मान हलवतं, आणि चेंडू आला की पुन्हा तेच. वर्षानुवर्षं मुरलेल्या सवयीला तोंडी सूचनेचा धाक वाटत नाही.

रहीमसाहेबांनी सूचना दिल्या नाहीत, खेळाचे नियम बदलले. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या ज्यांत ड्रिब्लिंगला बंदी होती. चेंडू मिळाला की चकवायला जायचं नाही, लगेच पुढे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धा भरवल्या त्या फक्त कमजोर पायाच्या. उजव्या पायाने खेळणाऱ्याने सामनाभर डावाच पाय वापरायचा, डावखुऱ्याने उजवा. तिसऱ्या प्रकारात लहान मुलांच्या संघांना उंचीची मर्यादा घातली, म्हणजे थोराड मुलगा अंगाच्या जोरावर सगळ्यांना बाजूला सारणार नाही आणि चणीने बारीक असलेल्या हुशार मुलाला चेंडू मिळेल.

वाचायला हे सोपं वाटतं. आत काय दडलं आहे ते मला माझ्या शाळेतल्या मुलांनी दाखवलं. रहीमसाहेबांविषयी वाचल्यावर मी सातवी-आठवीच्या पोरांचे डाव्या पायाचे सामने सुरू केले. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. चेंडू जायचा एकीकडं, पोरं पळायची भलतीकडं. वर्गातली सगळ्यात तरबेज पोरं सगळ्यात जास्त चिडली, कारण त्यांची सगळी ऐट उजव्या पायात होती. पण थोड्याच दिवसांत एक वेगळी गोष्ट माझ्या ध्यानात आली. डाव्या पायाने चेंडू खेळवता येत नाही म्हटल्यावर पोरं तो येण्याआधीच मान वर करून जोडीदार शोधायला लागली. ज्याला चेंडू पायात ठेवण्याची हमी नाही, त्याला तो कुठं द्यायचा हे आधीच ठरवावं लागतं. मी समजत होतो की ही स्पर्धा पाय तयार करण्यासाठी आहे. ती मान वर करायला शिकवत होती. पेठेतले एक वयस्कर गृहस्थ मैदानाच्या कडेला येऊन मला म्हणाले, “सर, पोरांचा खेळ नासवू नका.” त्यांचा नातू संघात होता. त्याच पोराला पुढच्या हंगामात दोन्ही पायांनी क्रॉस मारताना त्यांनी पाहिलं, आणि मग मैदानाच्या कडेला त्यांची रोजची जागाच ठरून गेली.

ड्रिब्लिंगबंदीचंही तसंच. चकवायला मनाई असली की चेंडूवाल्याला बाकीच्या दहा जणांच्या जिवावर खेळावं लागतं. म्हणजे त्या दहा जणांना सतत हलावं लागतं, मोकळी जागा गाठावी लागते. आपल्याकडे चेंडू नसतानाचा खेळ कधी कुणी शिकवत नव्हतं. रहीमसाहेबांनी तो एका नियमात बसवला आणि मुलांच्या अंगात उतरवला. माझ्या मामांना कूपरेजवर ज्या चाली दिसत होत्या, त्यांचा उगम हैदराबादच्या या पोरासोरांच्या सामन्यांत होता.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती, आणि इतिहास सांगताना ती सुटून जाते. भारतीय संघाचा प्रशिक्षक झालेला हा माणूस वर्षाचे बारा महिने हैदराबादच्या मैदानावर असायचा. सिटी पोलिसांना तेच शिकवत, शहरातल्या मुलांच्या स्पर्धा तेच भरवत, शाळेत मुलं त्यांच्याच हाताखाली. भारतीय संघाच्या शिबिरात खेळाडू थोड्या दिवसांसाठी येत. पण त्यांतले बरेचसे हैदराबादचे असत, आणि ते शैली बरोबर घेऊनच येत. अझीझ, नूर, झुल्फिकार, युसुफ खान अशा खेळाडूंना पास कुठं जाणार ते सांगावं लागत नसे. उरलेल्यांनी त्यांच्यासोबत खेळता खेळता ते उचललं. तुळसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब घरचा मुलगा. त्याला शहरात सरावाला यायला परवडेना, तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलसाठी त्याला पैसे दिले, असं सांगतात. तोच बलराम पुढे मेलबर्न, रोम आणि जकार्ता या तिन्ही ठिकाणी भारताकडून खेळला. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं हैदराबादने संतोष करंडक जिंकला, तो या जोपासनेचाच पुरावा.

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या आणि रहीमसाहेबांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० हरवून सुवर्णपदक मिळवलं. गोल साहू मेवालालचा. देशभर आनंद झाला. पण खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली, हेलसिंकीला.

१५ जुलै १९५२. युगोस्लाव्हिया १०, भारत १. एकट्या झेबेकने चार गोल केले. आपला एकुलता गोल अहमद खानचा. फिनलंडमधली थंडी, ओलं गवत, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. कोलकात्याच्या उन्हात ज्या पायांना चेंडूची नस कळत होती, त्याच पायांना तिथं उभं राहणं जड गेलं. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

सक्ती कागदावर एका दिवसात होते. पायाला ती पटायला फार वेळ लागतो. पहिल्यांदा बूट घातलेल्या पोरांना मी कितीतरी वर्षं पाहिलं आहे. चेंडू अडवायला गेलं की तो आदळून दूर उडतो. आपला पाय कुठं संपतो तेच त्यांना उमगत नाही. भारतातल्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूंना ऐन उमेदीत, पंचविशीत, या अवस्थेतून जायचं होतं. अशा वेळी त्यांची चेंडू खेळवण्याची जुनी करामत निम्मी होणारच. इथं रहीमसाहेबांची आधीची मेहनत कामाला आली. ज्याचा खेळ चकवण्यावर उभा होता त्याला बूट म्हणजे शिक्षा वाटली. ज्याला एका स्पर्शात पास द्यायची सवय होती त्याचं फारसं अडलं नाही, उलट ओल्या गवतावर पाय घट्ट रोवता येऊ लागले आणि लांबचा चेंडू जोरात मारता येऊ लागला. १९५२ ते १९५५ या चारही वर्षी भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्यातल्या चौरंगी स्पर्धेचं विजेतेपद भारताकडे राहिलं (पहिल्या वर्षी पाकिस्तानबरोबर विभागून). हेलसिंकीच्या त्या दहा गोलांनंतर रहीमसाहेबांच्या जागी दुसरा प्रशिक्षक आणावा असं वाटणं सोपं होतं. त्यांना काम करू दिलं, हे भारतीय फुटबॉलचं मोठं भाग्य.

त्याच ऑलिंपिकमध्ये हंगेरीने सुवर्णपदक जिंकलं होतं. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, याच हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडचा ६-३ असा फडशा पाडला. जगभरच्या प्रशिक्षकांची त्याने झोप उडवली. त्या काळात बहुतेक संघ तीन फुलबॅक, दोन हाफबॅक आणि पाच आघाडीचे अशा रचनेत उभे राहत. मधल्या फुलबॅकचं काम एकच, समोरच्या सेंटर फॉरवर्डला चिकटून राहायचं. हंगेरीचा हिदेगकुटी सेंटर फॉरवर्डच्या जागेवर थांबायचाच नाही, मागे मधल्या फळीत उतरायचा. आता फुलबॅकने काय करायचं? त्याच्या मागे गेला तर गोलासमोर भगदाड पडतं. जागेवर उभा राहिला तर हिदेगकुटी मोकळा सुटतो. त्या दिवशी हिदेगकुटीने तीन गोल केले.

रहीमसाहेबांनी ही चाल आपल्या संघात आणली. आघाडीच्या पाचांपैकी एकाला मागे ओढायचं, आणि समोरच्या बचावाला त्या पेचात टाकायचं. अंगापिंडाने लहान आणि वजनाने हलक्या आपल्या खेळाडूंना ती मानवली. युरोपीय फुलबॅकशी छातीला छाती भिडवून चेंडू मिळवणं आपल्याला जमणारं नव्हतं. त्यांना जागेवरून हलवून मधली मोकळी जागा वापरणं जमणारं होतं. पण त्यासाठी चेंडू वेगाने फिरला पाहिजे, आणि फिरवणाऱ्यांना दोन्ही पाय पाहिजेत. पुन्हा आपण डाव्या पायाच्या स्पर्धेशी येतो. ही चाल एरवी फळ्यावर खडूने काढता आली असती, मैदानावर उतरली नसती.

मेलबर्न, १ डिसेंबर १९५६. हंगेरी स्पर्धेला आलीच नाही म्हणून भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती. उपांत्यपूर्व सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, चौथा किट्टूचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. तो मूळचा गोव्यातल्या आसगावचा, खेळला मुंबईच्या टाटा आणि कॅलटेक्सकडून. मामा त्याला कूपरेजवर पाहत असत, आणि तो त्यांच्या लेखी घरचाच पोरगा. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. उत्तरार्धात पहिला गोल भारताचा, नेव्हिलचाच. पुढे युगोस्लाव्हियाने चार केले आणि सामना १-४ असा गेला. ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ०-३ असं हरवलं. चौथा क्रमांक. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचलेला तो पहिला आशियाई संघ.

आकडे पाहा. त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध चार वर्षांपूर्वी १-१०, आणि आता आधी गोल करून १-४. पदक मिळालं नाही म्हणून लोक हळहळले. मला मात्र या दोन आकड्यांमधलं अंतर भारतीय फुटबॉलमधली सर्वांत मोठी मजल वाटते.

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये गट अवघड होता. हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१, पेरूकडून १-३. पी. के. बॅनर्जी कर्णधार. फ्रान्सविरुद्धचा गोल त्यांचा, बाकी दोन्ही बलरामचे. बाद फेरी गाठता आली नाही, पण आता युरोपच्या संघांना आपल्याशी शेवटच्या मिनिटापर्यंत झगडावं लागत होतं.

मग १९६२, जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव. थायलंडविरुद्ध ४-१ जिंकले, पण जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल हा आपल्या बचावाचा कणा, त्या काळातला आशियातला अव्वल बचावपटू. जपानला २-० हरवलं, जर्नेलविना. उपांत्य सामन्यात त्याला उतरवायचं तर कुठं? रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. पट्टी बांधलेल्या डोक्याच्या फुलबॅकला गोल मारायला पुढे पाठवायचं, हे कागदावर कुणालाही धाडसाचं वाटेल. पण मागच्या फळीत अरुण घोष आणि चंद्रशेखर होते. आणि समोरच्या बचावाला जर्नेलच्या ताकदीचा, उडीचा अंदाज नव्हता. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ जिंकला. दोन गोल चुनी गोस्वामींचे, एक जर्नेलचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत प्रवेश नाकारला होता, आणि भारताचे क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली होती. त्यामुळे जकार्ता भारतावर खवळलेलं होतं. आदल्या दिवशी जमाव भारतीय दूतावासावर चालून गेला. सेनायन स्टेडियममध्ये लाखभर लोक, आणि जवळपास सगळे आपल्या विरोधात. सरदारजी जर्नेल तर गर्दीत लपूही शकत नव्हता. त्या गोंगाटात पाकिस्तानचे हॉकी खेळाडू आपल्या संघाला प्रोत्साहन देत होते, ही गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. आजारातून उठलेले उंचपुरे थंगराज गोलात. सतराव्या मिनिटाला पी. के., विसाव्या मिनिटाला जर्नेल. कोरियाचा गोल अगदी अखेरीस आला. २-१.

दहा दिवसांपूर्वी ज्या संघाने दोन गोलांनी हरवलं त्यालाच हरवायला रहीमसाहेबांनी नवा संघ आणला नाही. त्यांनी आहे त्याच माणसांची जागा बदलली, आणि बदललेल्या जागी ती माणसं खेळू शकली. फुलबॅक पुढे जाऊन गोल करतो, युसुफ खान आघाडी आणि मधली फळी दोन्ही सांभाळतो, टाटाचा गोंयकार फ्रँको मधल्या फळीत घाम गाळतो. एका जागेपुरतं शिकलेल्या खेळाडूंना हे झेपत नाही. माझ्या शाळेच्या संघात गोलकीपर सोडून प्रत्येक पोराला मी हंगामात एकदा तरी अनोळखी जागी खेळवत असे, ते जकार्ताच्या या सामन्यावरून.

तेव्हा रहीमसाहेब आजारी होते. ११ जून १९६३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं, जकार्ताला जेमतेम नऊ महिने होत होते. त्यांच्याकडे शिकलेले अल्बर्टो फर्नांडो पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. १९५६ साली रहीमसाहेबांकडून जे शिकलो ते १९६४ साली ब्राझीलमध्ये शिकवलं जात होतं, असं ते सांगत.

त्यानंतर काय झालं ते कडू आहे. १९६४ साली इस्रायलमधल्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला, तेव्हा प्रशिक्षक इंग्लंडचे हॅरी राइट होते. १९७० साली बँकॉकला आशियाई स्पर्धांत ब्राँझ मिळालं, कर्णधार सय्यद नईमुद्दीन. नईम हैदराबादचा, पोलीस संघातून पुढे आलेला. आशियाई स्पर्धांतलं फुटबॉलचं ते आपलं शेवटचं पदक. रहीमसाहेबांच्या मैदानावर वाढलेली पिढी खेळत होती तोवर त्यांचा खेळ टिकला. ती पिढी निवृत्त झाली आणि तो खेळही तिच्याबरोबर निघून गेला. त्या मुलांच्या स्पर्धा देशात दुसऱ्या कुठल्या शहराने उचलल्याच नाहीत. कोलकात्याने उचलल्या असत्या, गोव्याने उचलल्या असत्या, मुंबईने उचलल्या असत्या तर? मैदानं होती, पोरं होती, खर्च काहीच नव्हता. आपण त्यांची पदकं मोजत बसलो आणि त्यांच्या स्पर्धा विसरलो, याचा मला राग येतो.

आता भारतीय संघाला नवा प्रशिक्षक आला की आपण त्याच्याकडून चमत्कार मागतो. ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील आले. हे मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले, आणि २०१७ साली ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून देणारे. त्यांच्या आधी आले त्या परदेशी प्रशिक्षकांपैकी कुणी लांब चेंडू मागितला, कुणी गोलकीपरपासून बांधत नेलेला खेळ मागितला. प्रत्येकाला खेळाडू मिळतात ते वेगवेगळ्या क्लबांतून, वेगवेगळ्या सवयी घेऊन, थोड्या दिवसांसाठी. इतक्या दिवसांत यादी बदलता येते, रचना बदलता येते. चेंडू पायात आल्यावरचा तो पहिला क्षण बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी शिबिरात बदलत नाही.

तो अकराव्या-बाराव्या वर्षी बदलतो, आणि ते काम कुठल्याही तालुक्यातला क्रीडाशिक्षक करू शकतो. राज्याच्या फुटबॉल संघटनेला आणि आमच्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला माझी जाहीर विनंती आहे. शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आठवडाभर डाव्या पायाची स्पर्धा ठेवा. सहा-सहा जणांचे संघ पुरेत, मैदान अर्धं पुरे. नाणेफेकीच्या वेळी प्रत्येक मुलाने आपला जोराचा पाय पंचांना सांगायचा आणि त्या पायाला रंगीत फीत बांधायची. चेंडू फीत बांधलेल्या पायाला लागला की समोरच्या संघाला फ्री किक. गोलकीपरला दोन्ही पाय आणि हात मोकळे. शिट्टी वाजवायला माणूस कमी पडला तर मला बोलवा, मी येतो.